भट्टी जराशी गार आहे

डिजिटल कंट्रोल शिकायला बसलं की सुरुवातीलाच झेड-ट्रान्सफॉर्म समोर येतो. ठरावीक अंतरानं मोजलेल्या संकेतांचं हे गणित. १९५२ साली जॉन रॅगाझिनी आणि लोत्फी झादे यांनी अमेरिकेत त्याची घडी बसवली आणि आमच्या पिढीनं ते परीक्षेपुरतं घोकलं. प्रकरण अतिशय काटेकोर. यंत्रणेचे सगळे ध्रुव, म्हणजे तिचा स्वभाव सांगणाऱ्या संख्या, एकक वर्तुळाच्या आत असले तर यंत्रणा स्थिर, एक जरी बाहेर पडला की संपलं. मधलं काही नाही.

अशा गणितात मुरलेल्या झादे यांनी बरोबर दहा वर्षांनी, १९६२ च्या एका लेखात लिहावं की सजीव यंत्रणा समजून घ्यायच्या तर आपलं गणित पुरणार नाही, संभाव्यतेच्या भाषेतही न बसणाऱ्या ढगाळ राशींचं एक मुळापासून वेगळं गणित लागेल, हे मला आजही अचाट वाटतं. त्यातूनच पुढं त्यांचं 'फझी लॉजिक', म्हणजे अस्पष्ट कल्पनांचं तर्कशास्त्र, उभं राहिलं. बाहेरून येऊन 'तुमचं शास्त्र कोरडं आहे' असं म्हणणारे चिक्कार असतात. झादे घरातले होते. १९६३ मध्ये चार्ल्स डेसोअर यांच्याबरोबर त्यांनी रेषीय यंत्रणांवरचा एक भरभक्कम ग्रंथ काढला आणि त्याच वर्षी ते कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख झाले. मानमरातब होता, खुर्ची होती. गप्प बसले असते तरी नाव राहिलंच असतं.

पण गप्प बसणं त्यांच्या रक्तात नसावं. जन्म १९२१ चा, बाकूचा. वडील इराणी पत्रकार, आई रशियन ज्यू डॉक्टर. दहाव्या वर्षी कुटुंब तेहरानला आलं. तिथं अमेरिकन मिशनऱ्यांची शाळा, मग तेहरान विद्यापीठ, आणि १९४४ मध्ये थेट अमेरिका. तेहरानच्या खोलीत या मुलानं भिंतीवर रशियन भाषेत मोठ्या अक्षरांत 'एकटा' असं लिहून लावलं होतं म्हणे. तीन देश, तीन-चार भाषा, आणि कुठल्याच एका कप्प्यात धड न बसणारा माणूस. यावरून कुणाला त्यांच्या सिद्धांताचं मूळ सापडल्यासारखं वाटेल. मला अशा जोडण्यांचा कंटाळा आहे. असं आयुष्य हजारो लोकांच्या वाट्याला आलं, त्यातून सिद्धांत एकालाच सुचला.

सुचला तो १९६४ च्या जुलैत. न्यूयॉर्कला आईवडिलांकडे आले होते, रात्रीच्या जेवणाचा बेत ऐन वेळी रद्द झाला आणि संध्याकाळ रिकामी सापडली. पुढच्या वर्षी 'इन्फर्मेशन अँड कंट्रोल' या नियतकालिकात सोळा पानांचा निबंध आला. त्याची सुरुवात माझ्या फार आवडीची आहे. प्राणी या वर्गात कुत्रा येतो, घोडा येतो, पक्षी येतात. दगड आणि वनस्पती येत नाहीत. आणि तारामासा? जीवाणू? इथं जरा अडखळायला होतं. लगेच पुढचं उदाहरण: एकापेक्षा खूप मोठ्या असलेल्या संख्यांचा वर्ग. दहा त्यात येते का? झादे म्हणाले, आत किंवा बाहेर असं विचारूच नका. किती आत, ते विचारा. प्रत्येक वस्तूला शून्य ते एक यांच्यामधला एक आकडा द्या, ती तिच्या सदस्यत्वाची मात्रा. बाकीचं गणित, म्हणजे 'आणि', 'किंवा', 'नाही' हे सगळं, या मात्रांवर बेतून घ्या. निबंधाचा गाभा एवढाच.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरली जाते. हवामान खात्याची जोरदार पावसाची रेघही जवळपास तिथंच, ६४.५ वर. पर्जन्यमापकात ६६ भरले की मंडळ यादीत, ६४ भरले की यादीबाहेर. दोन मिलिमीटरनं सोयाबीनच्या मुळाशी काय फरक पडतो? आणि मापक मंडळाच्या गावी, शेत पाच किलोमीटरवर, हा तर निराळाच तमाशा. रेघ मारू नये असं मी म्हणत नाही. सरकारी मदत वाटायची तर कुठं तरी मारावीच लागते. पण ती ६५ वर आभाळातून पडलेली नसते. कुणी तरी बैठकीत बसून ठरवलेली असते आणि ठरवणारा पुढं दिसेनासा होतो. झादे यांच्या पद्धतीत रेघेच्या जागी चढण येते: ३० मिलिमीटरला अतिवृष्टीची मात्रा शून्य, ६५ ला अर्धी, १०० ला पूर्ण. हीही कुणी तरी ठरवलेलीच. फक्त ती आलेखावर काढून समोर ठेवावी लागते, आणि समोर ठेवली की तिच्यावर भांडता येतं.

इथं एक गफलत नेहमी होते, ती आत्ताच बाजूला करतो. ही मात्रा म्हणजे शक्यता नव्हे. उद्या पाऊस पडण्याची शक्यता ७० टक्के, हे वाक्य उद्या रात्री निकालात निघतं. पडला किंवा नाही पडला. आज ८० मिलिमीटर पडला, मोजून झाला, आता तो 'फार' म्हणायचा का, या प्रश्नात अनिश्चित काहीच उरलेलं नाही. तरी उत्तर हो-नाहीत येत नाही. संभाव्यतावाले हे अंतर मानायला बरीच वर्षं तयार नव्हते. काही जण अजून नाहीत.

निबंधावर टीका झाली हे म्हणणं फार सौम्य होईल. १९७२ मध्ये बोर्दोच्या एका परिषदेत खुद्द रुडॉल्फ काल्मन उभे राहिले, म्हणजे ज्यांच्या फिल्टरच्या आधारानं अपोलोची यानं चंद्राकडे गेली ते. या मांडणीवर तांत्रिक अंगानं अगदी निर्दयपणे टीका करता येईल, असं त्यांनी भर सभेत सुनावलं आणि हा वैज्ञानिक ढिलेपणा आहे असा शेराही मारला. बर्कलीतलेच विल्यम काहान तर या सिद्धांताला विज्ञानातलं कोकेन म्हणाले. आपल्याला जास्त तर्कशुद्ध विचार हवाय, कमी नव्हे, असा त्यांचा मुद्दा. संगणकातल्या अपूर्णांकांच्या आकडेमोडीची शिस्त जगाला लावून देणारा हा माणूस. त्याला 'साधारण', 'बऱ्यापैकी' असल्या शब्दांची शिसारी येणं मी समजू शकतो. झादे मात्र शांतपणे ऐकून घ्यायचे, टीकाकारांशी संबंध राखून असायचे आणि पुढचा निबंध लिहायला घ्यायचे.

१९७३ च्या निबंधात त्यांनी पुढचं पाऊल टाकलं, आणि माझ्या मते खरं मोलाचं काम हेच. चलाची किंमत आकडा असते तशी शब्दही असू शकते, असं ते म्हणाले. तापमान: गार, कोमट, गरम, फार गरम. आणि 'जर तापमान फार गरम, तर झडप थोडी मिट' अशा वाक्यांवर हिशेब करता येतो. हा निबंध लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजमध्ये इब्राहिम मामदानी यांच्या हाती लागला. मामदानी जन्मानं टांझानियाचे, शिक्षण भारतात, १९६६ मध्ये इंग्लंडला गेलेले. त्यांनी आणि सेटो असिलियन या विद्यार्थ्यानं प्रयोगशाळेतलं एक छोटं वाफेचं इंजिन घेतलं. दाब किती चुकतोय, चूक वाढतेय की घटतेय, वेग किती चुकतोय हे पाहून उष्णता आणि वाफेची झडप कमीजास्त करायची. ते चालवणारा माणूस ज्या वाक्यांत विचार करतो तीच मोजकी वाक्यं संगणकात घातली. इंजिन नीट चाललं. यंत्राचं एकही विकलक समीकरण न लिहिता.

या गोष्टीचं महत्त्व मला पुस्तकातून कधीच कळलं नसतं. नोकरीच्या सुरुवातीला मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला होतो. सिमेंटची भट्टी म्हणजे साठ-सत्तर मीटर लांबीचं, आतून विटा लावलेलं, किंचित उतरतं आडवं नळकांडं, स्वतःभोवती सावकाश फिरणारं. वरच्या टोकानं दळलेला कच्चा माल आत येतो, खालच्या टोकाला कोळशाची ज्योत. आतला माल १४५० अंशांच्या घरात पोचला की अर्धवट वितळून क्लिंकरचे, म्हणजे ज्यापासून सिमेंट दळतात ते, खडे बनतात. तापमान मोजायला पायरोमीटर असतो, पण मध्ये धुळीचा पडदा, त्यामुळं तो काय पाहतोय ते त्याचं त्यालाच ठाऊक. भाजणी नीट झाली की नाही हे सांगणारा फ्री-लाइमचा आकडा प्रयोगशाळेतून येतो तोवर तो माल कूलरमधून पुढं गेलेला असतो. म्हणजे गाडी हाकायची ती मागच्या काचेत बघून.

आणि तरीही भट्टी चालत होती. चालवत होता बर्नर, म्हणजे भट्टीचा ऑपरेटर. आमच्या पाळीतले बर्नर काका निळी काच डोळ्यांसमोर धरून झरोक्यातून ज्योत बघायचे, माल भिंतीवर किती उंच चढून खाली लोळतोय ते बघायचे, मग सीसीआरमध्ये, म्हणजे नियंत्रण कक्षात, येऊन मोटरच्या टॉर्कच्या, म्हणजे भट्टी फिरवायला लागणाऱ्या जोराच्या, आलेखावर नजर टाकायचे आणि म्हणायचे, "साहेब, भट्टी जराशी गार होऊन राहिली." माल तापला की चिकट होतो, भिंतीला धरून वर चढतो, मोटरला ओढ जास्त बसते, टॉर्क उतरू लागला तर आत गारवा येतोय. हे कारण मला ठाऊक होतं. त्यांना कारणाशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांना 'जराशी' आणि 'बरीच' यांतला फरक ठाऊक होता, आणि लाखो रुपये त्या फरकावर अवलंबून असायचे. जराशी असेल तर कोळसा थोडा वाढवायचा. बरीच असेल तर भट्टीचा वेग उतरवायचा, माल कमी करायचा, आणि कोळशाला हात लावण्याआधी ऑक्सिजन बघायचा. नाही तर न जळलेला कोळसा मागं जाऊन भलतंच होतं.

डेन्मार्कच्या एफ. एल. स्मिथ कंपनीनं १९७० च्या दशकाच्या अखेरीस हेच हेरलं. भट्टी चालवणाऱ्यांसाठीच्या एका पाठ्यपुस्तकात सत्तावीस परिस्थिती आणि त्यांवरचे उपाय अशाच बोलीत लिहिलेले होते. ते उचलून त्यांनी नियमांत बसवले आणि चालू भट्टीवर वापरून दाखवले. फझी लॉजिकचा कारखान्यातला पहिला ठळक उपयोग तो. आमच्याकडे आलेली प्रणाली त्याच वाटेवरची, आणि नियमांना आपल्या भट्टीचे आकडे बसवायचं काम माझ्याकडं आलं. म्हणजे बर्नरांजवळ बसून त्यांचे शब्द कागदावर उतरवायचे.

"काका, टॉर्क बराच उतरला म्हणजे किती?"

"पोटात गोळा येते ना साहेब, इतका."

"आकडा सांगा ना."

"आकडा तुमचा, गोळा माझा."

शेवटी आलेखाचा कागद पसरून, जुन्या नोंदींवर बोट ठेवत ठेवत आकडे निघाले. कसे वापरले जातात ते एका उदाहरणात दाखवतो. आकडे समजण्यापुरते धरा. टॉर्क तीन टक्क्यांनी खाली आलाय. हा 'जरासा उतरला' या वर्गात ०.६ इतका बसतो आणि 'बराच उतरला'मध्ये ०.३ इतका. दोन्हींत एकाच वेळी, हे ध्यानात घ्या. ऑक्सिजन 'पुरेसा' ०.७, 'कमी' ०.२. आता तीन नियम बघू. टॉर्क जरासा उतरला आणि ऑक्सिजन पुरेसा, तर कोळसा दोन टक्के वाढव. बराच उतरला आणि ऑक्सिजन पुरेसा, तर पाच टक्के वाढव. ऑक्सिजन कमी असेल तर वाढवू नको. 'आणि'साठी दोन मात्रांतली लहान घ्यायची, म्हणजे पहिल्या नियमाचं वजन ०.६, दुसऱ्याचं ०.३, तिसऱ्याचं ०.२. वजनांनुसार सरासरी काढली की कोळसा अडीच टक्क्यांच्या जरा आत वाढतो. तिन्ही नियमांचं थोडं थोडं ऐकलं गेलं. कुठंही खटका पडून उडी बसली नाही. चांगला बर्नरही हेच करतो, त्याला भागाकार येत नसला तरी.

कामात मजा आली ती पाळ्या बदलल्यावर. दिवसपाळीच्या काकांना जो उतार 'जरासा' वाटायचा तोच रातपाळीच्या बर्नरला 'बराच' वाटायचा. आधी मला वाटलं, एकाचा अंदाज कच्चा आहे. मग लक्षात आलं की रात्री भट्टी बिघडली तर विचारायला वर कुणी जागं नसतं, कोळसा पुरवणाऱ्या मिलवर माणसं कमी, म्हणून तो गडी आधीच हात आवरतो. दोघांचंही बरोबर होतं. हा वाद समीकरणांच्या मॉडेलमध्ये कधी वर आलाच नसता. तिथं एक गुणांक असतो आणि त्यामागं कुणाची झोप आहे हे दिसत नाही. आम्ही अखेर रातपाळीचा सावध आलेख धरला. काका आठवडाभर फुरंगटून होते.

तोवर जपाननं या विषयाला डोक्यावर घेतलं होतं. १९८७ च्या जुलैत सेंदाई शहराची भुयारी रेल्वे सुरू झाली. हिताचीच्या अभियंत्यांनी तिचं वेग धरणं आणि फलाटावर थांबणं फझी नियंत्रणावर सोपवलं होतं. ब्रेकची प्रत्येक संभाव्य पायरी आधीच तपासायची, ती प्रवाशांना किती सुखाची, थांबा किती अचूक, वीज किती, अशा निकषांवर तोलायची आणि मग निवडायची. १९९० मध्ये मात्सुशितानं फझी धुलाई यंत्र काढलं आणि त्याच वर्षी 'फझी' हा जपानमध्ये वर्षातल्या गाजलेल्या नव्या शब्दांत गणला गेला. आपल्याकडे तो आला तो दुकानातल्या वॉशिंग मशीनवरचा चकचकीत स्टिकर होऊन. विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, "ताई, मशीन स्वतः विचार करते." एवढ्यावर तो विषय मध्यमवर्गीय घरांत संपला.

भक्तांच्या उत्साहात काही गोष्टी दडपल्या जातात. काल्मन आणि काहान यांचं सगळंच चुकलं नव्हतं. वर केलेला हिशेब निर्विकारपणे पाहिला तर काही ठरलेल्या बिंदूंमधून सांधलेली वक्र रेषा आहे, बस. नियमांची संख्या भराभर फुगते: पाच मोजमापं आणि प्रत्येकाला पाच शब्द घेतले तर सगळ्या जोड्या मिळून ३१२५ नियम होतात, आणि कुठल्याही काकांना इतके गोळे येत नाहीत. शिवाय तर्क म्हणून पाहिलं तर 'उंच आहे आणि उंच नाही' या वाक्याला मध्यम उंचीच्या माणसासाठी ०.५ अशी मात्रा मिळते. यावर भुवई उंचावणं रास्त आहे. १९९३ मध्ये चार्ल्स एल्कन यांनी नेमकं हेच दुखणं चव्हाट्यावर मांडलं: नियंत्रणात हे चालतं कारण तिथं नियम थोडे आणि तर्काची साखळी आखूड असते, लांब साखळीच्या युक्तिवादाला हे लावाल तर फसाल. मला ते बहुतांशी पटतं. वैद्यकीय निदानासारख्या ठिकाणी, जिथं अनिश्चितता आणि अस्पष्टता एकमेकींत गुंतलेल्या असतात, तिथं ०.६ हा आकडा नेमका कशाचा हे सांगता आलंच पाहिजे.

झादे यांना हे कळत नव्हतं असं नाही. अनेक दशकं ते या गुंत्यावरच काम करत राहिले. १९७८ मध्ये संभाव्यतेहून वेगळा असा 'पॉसिबिलिटी'चा सिद्धांत मांडला, १९९६ मध्ये 'शब्दांनी गणन' हा कार्यक्रम, आणि २०११ मध्ये, वयाच्या नव्वदीत, झेड-संख्या: प्रत्येक विधानाला एक मूल्य आणि त्या मूल्यावर किती विसंबावं याचा एक शब्द, अशी जोडी. त्यांचा एक आवडता प्रश्न होता. बहुतेक स्वीडिश माणसं उंच असतात. तर स्वीडिश माणसाची सरासरी उंची किती? 'बहुतेक' आणि 'उंच' या दोन शब्दांवर नीट तर्क चालवून उत्तर काढणारं यंत्र त्यांना हवं होतं. २०१७ च्या सप्टेंबरात बर्कलीत ते वारले आणि बाकूच्या मातीत पुरले गेले. त्याच वर्षाच्या मध्यात ट्रान्सफॉर्मर नावाच्या रचनेवरचा निबंध प्रसिद्ध झाला होता, आजच्या बोलक्या यंत्रांचा, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या चॅटबॉटांचा, पाया.

ही बोलकी यंत्रं शब्दांशी खेळतात त्याला तोड नाही. स्वीडनचा तो प्रश्न मी त्यांतल्या एकाला विचारला. उत्तर झकास मिळालं, सेंटिमीटरसकट. मग विचारलं, 'उंच' तू कुठून धरलंस? एक आकडा आला. प्रश्न थोडा फिरवून विचारला, दुसरा आला. दोन्ही समंजस वाटावेत असे. पण पहिलं उत्तर खरोखर त्याच आकड्यावरून निघालं होतं का, हे मला तपासता येईना; आत कोट्यवधी वजनं, म्हणजे शिकताना बसलेले आकडे, आहेत आणि त्यांतल्या एकावरही 'बराच' असं लिहिलेलं नाही. निम्मं श्रेय द्यायलाच हवं: काकांच्या 'पोटात गोळा येते'चा अर्थ हे यंत्र माझ्याहून लवकर समजेल. झादे यांच्या हयातभराच्या मेहनतीतून निघालं नसतं इतकं मोकळं बोलणं ते करतं. मात्र त्याच्याशी रातपाळीच्या बर्नरसारखा वाद घालायचा तर वादाची जागा सापडत नाही. ते लगेच मान्य करतं आणि पुढच्या वेळी काय करेल ते सांगता येत नाही.

आमच्या सीसीआरमध्ये नियमांची एक नोंदवही होती. आलेख बदलला की डावीकडं जुना आकडा, उजवीकडं नवा, मध्ये कारण आणि शेवटी बदलणाऱ्याची सही. कारणाच्या रकान्यात एकदा दिवसपाळीच्या काकांनी माझ्याकडून लिहून घेतलं होतं: 'पावसाळी कोळसा ओला, जरासा म्हणजे आता चार टक्के.' सही त्यांनी स्वतः केली, आणि पावसाळा सरल्यावर आकडा पुन्हा तीनवर आणायला मला बजावायला ते विसरले नाहीत.